आत ओढलेला श्वास

"वारा कुठला आहे गं, पोरी?"

हेझकायाबाबांचा तो आवाज झीटाच्या कानातून कधी गेलाच नाही. किती हिवाळे आले आणि गेले. चुलीवर किटली ठेवताना, दोरीवर गोठून फळीसारखे झालेले कपडे काढताना, मधेच कधीतरी तो यायचा. होडीच्या तळाशी बसून कुणी हाक मारावी तसा, दबलेला आणि ओला. जन्मभर दर्यावर काढलेला माणूस तो. अगदी शेवटच्या घटकेलाही त्याला आधी वारा विचारायचा होता.

त्या दिवशी वारा ईशान्येचा होता. त्यानं समुद्रावरचा सगळा बर्फ हाकलत आणून गावासमोरच्या अरुंद खाडीत कोंबला होता. फेरीबोट पलीकडच्या काठाला अडकली होती. गॅनेट टिकल या त्या गावच्या वृद्धाश्रमातल्या शेवटच्या खोलीत म्हातारा कळांनी तळमळत होता. उशाशी त्याची बायको ट्रायफीना होती, आणि त्याचा हात हातात घेऊन सून बसली होती, झीटा. कळा थांबवणारं औषध पलीकडच्याच कपाटात होतं. पण ते शिरेतून द्यायचं औषध. त्याला रजिस्टर्ड नर्सचाच हात लागायचा, आणि झीटा होती सहायक नर्स. आश्रमाची रजिस्टर्ड नर्स खाडीच्या त्या तीरावर, बर्फाकडे बघत उभी होती. बर्फ काही हलला नाही.

दुपार कलली. खिडकीतला उजेड निळा होत गेला. तेव्हा बाबांनी वारा विचारला.

"नैर्ऋत्येचा आहे, बाबा," झीटा म्हणाली. "अगदी हलका. खाडी मोकळी आहे."

"मग लिअँडर येईल," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत.

लिअँडर, म्हणजे झीटाचा नवरा, तेव्हा दूर उत्तरेला कोळंबीच्या मोठ्या बोटीवर होता. तो आला तो दफन झाल्यावर. दारात उभं राहून त्यानं टोपी काढली. झीटा म्हणाली, "शांत गेले रे." त्यानं मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. कुऱ्हाड घेतली आणि घरामागं जाऊन लाकडं फोडायला लागला. आख्खा ढीग फोडून संपवला. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, आणि झीटानंही सासूला शपथ घातली: कळांचं त्याला सांगायचं नाही. दर्यावर असलेल्या माणसाला असलं ओझं कशाला?

पण ते कपाट काही झीटाच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच वसंतात, बर्फ वितळून खाडीत पाणी दिसायला लागलं तेव्हा, तिनं रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी नाव घातलं. घरी बसून शिकायचं, नोकरी सांभाळून.

विद्यापीठ होतं पार पश्चिमेला, जिथं समुद्रच नाही अशा गव्हाच्या मुलखात. शिकवणाऱ्या बाई तिथून बोलायच्या आणि झीटा इथं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि दुसऱ्या कोपऱ्यात फुगायला ठेवलेली कणीक, अशी ऐकायची. मोठा वारा सुटला की बाईंचा चेहरा पडद्यावर थिजायचा, तोंड उघडं ते उघडंच. ट्रायफीना मग खुर्चीतून म्हणायची, "बघ, तुझ्या मास्तरणीला बर्फ लागला."

पहिल्याच परीक्षेला झीटानं घोटाळा केला. बाईंनी त्यांच्या घड्याळातली वेळ सांगितली होती. इथलं घड्याळ उरलेल्या देशाच्या पुढं तर असतंच, वर त्याला स्वतःचा असा अर्धा तास चिकटलेला. त्या घाईत झीटानं तो अर्धा तास जिथं मिळवायचा तिथं वजा केला. रविवारी चर्चला घालायचे चांगले कपडे घालून ती रिकाम्या पडद्यापुढं बसली. कुणीच येईना. आपण नापास झालो, असं समजून ती रडायच्या बेताला आली होती, तेवढ्यात पडद्यावर लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावरची एक गोल चेहऱ्याची बाई उगवली. "तू पण लवकर आलीस का गं? मी तर घरातल्या भांडणातून पळून आलेय!" ती ऑटिली. तिथल्या दवाखान्यातली सहायक नर्स. तेव्हापासून दोघींनी मिळून अभ्यास केला. एकमेकींना त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. पण एकीच्या घरात काय शिजलंय ते दुसरीला ठाऊक असायचं.

"आज काय?"

"मूसचं मटण. गाजर घालून. तुझ्याकडं?"

"सील. आता मूत्रपिंड सांग."

"सीलचं?"

"माणसाचं गं, बावळटे!"

झीटाला कधी कधी वाटायचं, हे शिक्षण आपल्या एकटीचं नाहीच. तिच्या पाळ्या आश्रमातल्या बायांनी वाटून घेतल्या होत्या. शेजारची ऊना तिच्याच बरोबरीची सहायक नर्स; तिनं तर झीटाचे सगळे रविवार आपल्या अंगावर घेतले आणि कधी बोलून दाखवलं नाही, एक सोडून: "रजिस्टर्ड झालीस की माझ्यावर हुकूम सोडशील, तेव्हा तुझ्या चहात मीठ घालीन." घरचं नेट गेलं की पाद्रीबाबा चर्चची मागची खोली उघडून द्यायचे आणि शेगडी पेटवून जायचे. आश्रमातले म्हातारे आपापले हात पुढं करायचे: घे पोरी, आमच्या शिरा बघ, नदीसारख्या आहेत. इतक्या हातांनी तिला उचलून धरलं होतं, की आपण पडलोच तर कुणाकुणाच्या अंगावर पडू, असं तिला वाटायचं, आणि डोळे भरून यायचे.

आणि लिअँडर? बोटीवरच्या यंत्रात सापडून त्याच्या डाव्या फासळ्या मोडल्या, तेव्हापासून तो दूर जात नसे. उन्हाळ्यात जवळच्या पाण्यात खेकडे आणि कॉड, हिवाळ्यात घरी. शरीर तपासायचा धडा आला तेव्हा झीटाला रोज एक अंग हवं होतं.

"शर्ट काढ."

"आईसमोर?"

"मी तुला नागडंच पाहिलंय आधी," ट्रायफीना म्हणाली. "तेव्हा बरा दिसायचास."

तो कुरकुरत स्टुलावर बसायचा. झीटा कानात नळ्या घालून त्याच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवायची. थंडगार लागला की तो बायबलातली सगळी नावं घ्यायचा. "गप्प. श्वास घे. सोड. घे." उजवीकडं वारा स्वच्छ जायचा यायचा. डावीकडं, श्वास पुरता भरत आला की अगदी टोकाला, एक बारीकसा अडखळा यायचा. भरधाव होडी पाण्यातल्या एखाद्या लाकडावरून जाते तेव्हा कशी किंचित उचलते, तसा. मोडून सांधलेल्या फासळ्यांची ती खूण. तो अडखळा झीटा इतके दिवस ऐकत आली, की डोळे मिटूनही तिला तो ओळखता आला असता.

असं सगळं शिकून झालं. आणि मग नाताळच्या आधी बाईंनी कळवलं: शेवटचा टप्पा पडद्यावर होत नाही. सेंट जॉन्सच्या मोठ्या इस्पितळात, रजिस्टर्ड नर्सच्या हाताखाली दोन महिने प्रत्यक्ष काम. नव्या वर्षात सुरुवात. जुन्या नाताळाच्या दिवसापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, होय की नाही ते कळवा. हे केलं तर रजिस्टर्ड. नाही केलं तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात.

झीटानं जेवताना लिअँडरला सांगितलं. सांगताना तिचा हात काकवीच्या बरणीवरच राहिला.

त्यानं श्वास आत ओढत "हं" केलं. इथली माणसं होकार असाच देतात, श्वासाबरोबर गिळून टाकल्यासारखा. पण तो होकार होता, की नुसतं ऐकलं एवढंच, ते तिला कळेना. ट्रायफीनाला रोज साखरेची सुई लागायची. खुर्चीतून उठवायला, अंघोळ घालायला, कूस बदलायला माणूस लागायचा. झीटाची मुलगी पार आल्बर्टात नोकरीला. लिअँडरला तर चहाच्या पलीकडं काही करता येत नव्हतं. कणकेला त्यानं जन्मात हात लावला नव्हता.

आणि त्या दिवसापासून तो रोज जेवण झालं की कोट चढवून बाहेर पडायला लागला. "कुठं?" "धक्क्यावरच्या खोपटात. जाळी दुरुस्त करायचीत." परत यायचा तो गप्प. तिच्याकडं न बघता हात धुवायचा, खूप वेळ धुवायचा, आणि झोपायला जायचा.

"रागावलाय," झीटा ऑटिलीला म्हणाली.

"मग विचार त्याला."

"विचारल्यावर बोलायला हवं ना त्यानं! बापाबद्दल एक शब्द बोलला नाही तो आजवर. याच्याबद्दल काय बोलणार?"

एके दिवशी ती कणीक मळत होती. ट्रायफीनाच्या बोटांत आता मळायचा जोर नव्हता, पण गाणं तिचंच असायचं. ते गाणं संपेस्तोवर मळायचं, असा या घरातला कायदा होता:

पीठ मळिलं मळिलं, ठेवलं गं झाकून,
दर्याबाई माझा धनी, ठेव तेवढा राखून.
पीठ फुगलं फुगलं, चूल झाली गं लाल,
दर्याबाई तुझ्या पोटी, माझं सोनं सांभाळ.

गाणं संपलं तशी म्हातारी म्हणाली, "जाणार ना गं तू?"

"कशी जाऊ, आई? तुम्हाला कुणाच्या गळ्यात घालून जाऊ?"

"माझा गळा अजून धड आहे. लिअँडरला विचारलंस?"

"तो घरात टिकतोय कुठं?"

ट्रायफीनानं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे जरासे हलले. झीटाला वाटलं, म्हातारी रडतेय. म्हणून तिनं पुढं काही विचारलं नाही.

जुन्या नाताळाची आदली संध्याकाळ आली. नाताळपासून बारा दिवस गावात सोंगं हिंडत होती: तोंड झाकून, वेष पालटून, श्वास आत ओढत आवाज बदलून घरोघरी जाणारी गावचीच माणसं, ओळखा म्हणणारी. आज त्यांचा शेवटचा फेरा. लिअँडर जेवून नेहमीसारखा निघून गेला. झीटानं टेबल पुसलं, कॉम्प्युटर उघडला. बाईंना दोन ओळी लिहायच्या होत्या: आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, घरच्या अडचणीमुळं येता येत नाही. पहिली ओळ लिहून झाली. ती खरी होती, म्हणून पटकन झाली. दुसरीपाशी बोटं थांबली.

दारावर काठी वाजली. आणि बाहेरून सोंगांचा तो ठरलेला आवाज आला, श्वास आत ओढत, घोगरा, ना बाईचा ना पुरुषाचा:

"सोंगं आत घेता का सोंगं?"

"घेतो, घेतो!" ट्रायफीना खुर्चीत सरसावून बसली. "झीटा, बंद कर ते मेलं यंत्र! दार उघड!"

तीन सोंगं बर्फ झटकत आत आली. एक बुटकं, उलटा रेनकोट घातलेलं, डोक्यावर उशीचा अभ्रा. एक काठीसारखं, चादर गुंडाळलेलं. आणि तिसरी एक अगडबंब बाई: फुलाफुलांचा झगा, छातीत दोन उशा, उजवा बूट डाव्या पायात, हातांत जाडे मोजे, आणि तोंडावरून थेट कमरेपर्यंत जाळीचा पडदा, कुणाच्या तरी खिडकीचा काढलेला.

"अगं बाई, ही कोण?" ट्रायफीना खूष झाली. "पाय तर होडीएवढे! लग्न झालंय का तुझं, बये?"

"झालंय," बाई श्वास ओढत म्हणाली. "पण नवरा चांगला नाही मिळाला."

"इथं कुणाला मिळालाय!"

बुटकं सोंग नाचायला लागलं. टेबलाभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि आपल्याच कोटात पाय अडकून फिदीफिदी हसलं.

"ऊना!" झीटा आणि म्हातारी एकदम ओरडल्या. नाव ओळखलं की तोंड दाखवायचं, हा नियम. अभ्रा निघाला आणि आतून ऊनाचा लालबुंद चेहरा बाहेर आला. "एवढ्यात? अजून सरबतही नाही मिळालं!" काठीसारख्याला खोकला आला, तसा तोही पकडला गेला: तिचा नवरा अँब्रोज. झीटानं सरबत ओतलं, केक कापला. ती मनात म्हणाली, मग ही बाई कोण? अँब्रोज समजून तिच्याकडं आपण लक्षच दिलं नव्हतं.

बाई चुलीजवळच्या बाकावर फतकल मारून बसली होती. मोजे काही काढत नव्हती.

"गावात म्हणतात," ती बोलली, "या घरची नर्स शहराला जाणार. केव्हा निघणार?"

झीटाच्या हातातली सुरी थांबली. सोंगाशी माणूस जसं बोलतो तसं उघड्या तोंडाच्या माणसाशी बोलत नाही. समोर पडदा होता, पडद्यामागं कुणीही असू शकत होतं. म्हणूनच असेल, पण इतके दिवस आत धरलेलं सरळ बाहेर आलं.

"नाही जाणार," ती म्हणाली. "आत्ता तेच लिहीत होते."

ऊनानं सरबताचा पेला खाली ठेवला. "काय? वेड लागलं का तुला?"

"का नाही जाणार?" बाईनं विचारलं.

"कारण माझा नवरा हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. त्याला न विचारता गेले असते मी. पण रागानं गप्प बसलेल्या माणसाच्या हाती म्हातारी सासू टाकून कशी जाऊ? त्याला साधी पेज येत नाही करता. आणि..." तिचा आवाज बारीक झाला. "मला जायचंय गं. फार जायचंय. त्या कपाटापुढं मला परत कधी तसं बसायचं नाही."

चुलीत लाकूड फुटलं. मग बाईनं बोलण्यासाठी मोठा श्वास आत ओढला, आणि त्या श्वासावर शब्द चढवले:

"रागानं गप्प आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

श्वासाच्या अगदी टोकाला, शेवटच्या शब्दापाशी, एक बारीकसा अडखळा आला.

झीटा जागच्या जागी उभी राहिली. कान खोटं सांगतायत असं तिला वाटलं. खुंटीवर कोटांच्या शेजारी स्टेथोस्कोप टांगलेला होता. तो घेऊन ती बाईच्या मागं गेली.

"हे काय चाललंय?" अँब्रोज म्हणाला. "नियमात बसत नाही हे!"

"घरात नर्स असली की असंच," ट्रायफीना म्हणाली. "बस गप. काम करू दे तिला."

झीटानं फुलाफुलांच्या झग्यावर, डाव्या खांद्याच्या खाली, गोल चकती टेकवली. "श्वास घ्या, बाई." बाईनं घेतला. वारा भरत गेला, भरत गेला, आणि टोकाला होडी लाकडावरून उचलली. झीटानं पुन्हा ऐकलं, गरज नसताना. सगळ्या जगात ही एकच छाती असा श्वास घेत होती.

नाव तिच्या ओठांवर आलं. आणि तिनं ते आवरलं. नाव घेतलं की पडदा उठणार. पडदा उठला की खाली असणार तो रोजचा चेहरा, टोपी काढून उभा राहणारा, कुऱ्हाड घेऊन घरामागं जाणारा. पडद्यामागचं हे माणूस मात्र बोलत होतं.

"ओळखलंत का, नर्सबाई?" बाईनं विचारलं.

"ओळखलं," झीटा म्हणाली. "तुम्ही पाद्रीबाबा."

ऊनानं चमकून तिच्याकडं बघितलं. झीटा मुद्दाम चुकतेय, हे तिला कळलं. तिनं तोंडावर हात दाबला.

"नाही," बाई म्हणाली. आवाजात जीव आला होता. "चुकलात. आता ऐका. मी एक बाई आहे. मी रोज संध्याकाळी दुसऱ्या एका बाईच्या स्वयंपाकघरात जाते. शिकायला. तुम्हीच एकट्या शिकता असं समजू नका. मी सुई टोचायला शिकले. आधी संत्र्यावर."

"मग माझ्यावर," अँब्रोज कळवळून म्हणाला. "मीठपाणी भरून! आपल्या माणसावर शिकलेलं बरं, असं माझी बायको म्हणाली. तिचं काय जातंय?"

"म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उचलायचं ते पाठीनं नाही, मांड्यांनी, हे शिकले," बाई पुढं बोलली. प्रत्येक वाक्य ती श्वास ओढत बोलत होती आणि मधे मधे दम खात होती. "कूस कशी बदलायची ते शिकले. पाव करायला शिकले."

"पाव!" ऊनाला राहवेना. "पहिला पाव अँब्रोजनं होडीचा नांगर म्हणून मागून घेतला!"

"दुसरा फुगला," बाई म्हणाली.

"फुगला," ऊनानं कबूल केलं. "चांगला फुगला."

"मग कोण तुम्ही? आणखी एकदा ओळखून बघते," झीटा म्हणाली. तिला आता नीट दिसत नव्हतं. "तुम्ही फेरीचे कप्तान."

"नाही. पुन्हा चुकलात. कणीक किती वेळ मळायची तेही मला येतं." आणि त्या अगडबंब बाईनं, उशांच्या छातीवर मोज्यातले हात मळल्यासारखे फिरवत, श्वास आत ओढत गायला सुरुवात केली:

पीठ मळिलं मळिलं, ठेवलं गं झाकून...

ट्रायफीना खुर्चीतून टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवशी खिडकीकडं तोंड फिरवून म्हातारी रडत नव्हती, हसू दाबत होती, हे झीटाला आता कळलं. तो रोज इतका वेळ हात धुवायचा तो कशासाठी, तेही कळलं. नखातली कणीक सहजी निघत नाही.

गाणं दुसऱ्या ओळीवर थांबलं. बाईनं मोजे काढले. मोठे, दोरांनी कापलेले, ओळखीचे हात. त्या हातांनी तिनं पडद्याची कड धरली.

"अरे, थांब!" अँब्रोज म्हणाला. "तिनं नाव घेतलं नाही अजून!"

"न घेऊ दे," आणि आता तो आवाज बाहेर सोडलेल्या श्वासावर आला. साधा, लिअँडरचा. त्यानं पडदा उचलून मागं टाकला. केस विस्कटलेले, गालांना उशीतली पिसं चिकटलेली. उघड्या तोंडानं बोलणं त्याला जड जात होतं, हे दिसत होतं. त्यानं एकदा दाराकडं बघितलं, जिथं कुऱ्हाड असते तिकडं. मग परत तिच्याकडं.

"ते लिहिलेलं पूस," तो म्हणाला. "हो म्हणून लिही."

"तू तेव्हा नुसतं हं केलंस."

"हो म्हणायचंच होतं. पण म्हटलं, नुसतं हो म्हणून काय उपयोग? मला काही करता येत नसताना तू दोन महिने तिथं जीव मुठीत धरून काढले असतेस. म्हणून आधी शिकलो. आणि शिकताना..." तो थांबला. "सुई टोचायला शिकताना मी ऊनाला विचारलं, बाबांना शेवटी काय टोचलं होतं. ऊना गप्प झाली. मग मी आईला विचारलं."

झीटा सासूकडं वळली. ट्रायफीनानं हनुवटी वर केली.

"शपथ मोडली नाही मी. आपण होऊन सांगायचं नाही, एवढंच तू म्हणाली होतीस. लेकानं तोंडावर विचारल्यावर खोटं बोल, असं कुठं म्हणालीस?"

"सगळं सांगितलं तिनं," लिअँडर म्हणाला. "बर्फ. कपाट. दुपारपासून तू हात सोडला नाहीस ते. आणि त्यांनी वारा विचारला तेव्हा तू काय सांगितलंस ते."

ऊना उठून अँब्रोजचा हात ओढायला लागली, आता आपण निघावं म्हणून. लिअँडरनं त्यांना हातानंच बसा म्हटलं. फुलाफुलांच्या झग्यात तो उभा राहिला, उजवा बूट डाव्या पायात, छातीतली एक उशी पोटावर घसरलेली. कुणी हसलं नाही.

"मला वाटायचं, बाबा माझी वाट बघत बघत गेले," तो म्हणाला. "म्हणून मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. मी येतोय असं समजून गेले ते, हे मला आता कळलं. तू सांगितलंस म्हणून." त्यानं श्वास घेतला. टोकाला तो अडखळला, आणि मग पुढं गेला. "तिथं मी असायला हवं होतं, झीटा. मी नव्हतो, तू होतीस. माझे बाबा एकटे गेले नाहीत. केवढं केलंस तू माझ्यासाठी. हे मी त्या दिवशी दारातच म्हणायला हवं होतं तुला."